गुडाखूचे व्यसन आणि चुंबकीय उपचार

छत्तीसगढी मुलखात गुडाखूची, म्हणजे तंबाखू आणि गूळ मळून केलेल्या, बोटाने दातांवर घासण्याच्या लगद्याची सवय खोल रुजलेली आहे. त्यातील निकोटीन हे मज्जासंस्थेला चेतवणारे उत्तेजक द्रव्य असूनही गुडाखूकडे दंतमंजन म्हणून पाहिले जाते आणि त्यामुळे हे व्यसन आहे हेच नजरेआड होते, ही त्यातील सर्वांत गंभीर बाब होय.

उत्तेजकांच्या व्यसनावर चुंबकाने उपचार करण्याची कल्पना मात्र अगदी अलीकडची आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात वीज निर्माण होते, हे फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. त्याच तत्त्वावर शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्याने, कवटी न उघडता, मेंदूतील पेशी चेतवून दाखवल्या. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने धूम्रपान सोडवण्यासाठी या पद्धतीच्या एका उपकरणास मान्यता दिली. कोकेनच्या व्यसनावर इटलीत झालेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आशादायक असला, तरी त्यात अवघे ३२ रुग्ण होते. धूम्रपानासाठीची ही मान्यता गुडाखूला आपोआप लागू पडत नाही. तोंडावाटे घेतल्या जाणाऱ्या तंबाखूवर या उपचाराची स्वतंत्र तपासणी छत्तीसगढातच व्हायला हवी.