वहीतला कोरा रकाना

दहावीची परीक्षा संपली आणि त्या सुट्टीत मी एक वही केली. 1984 सालची गोष्ट. शंभर पानी वही, मधोमध पट्टीने आखलेली रेघ. डावीकडे अवघड शब्द, उजवीकडे अर्थ. घरात हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' होती, पानं पिवळी पडलेली, पुठ्ठा सुटलेला. मराठीच्या बाईंनी सांगितलं होतं की जुनी कादंबरी वाचा, शब्दसंग्रह वाढतो. म्हटलं, वाढवूया!

पहिली अडचण शीर्षकातच होती. 'लक्षांत' या शब्दावर टिंब कशाला? घरांत, हातांत, केलें, गेलें... सगळीकडे टिंबं सांडलेली. पुढे कळलं की 1962 साली साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नियम केले, तेव्हा उच्चार न होणारे हे अनुस्वार गेले. त्या नियमांनंतर शिकलेल्या माझ्यासारखीला ते डासांसारखे वाटायचे. पाच-पन्नास पानांनंतर मात्र दिसेनासे झाले.

मग घरातले शब्द. माजघर, पडवी, फडताळ. हे आजीला विचारले की ती सरळ हात करून दाखवायची, कारण आमच्या गावच्या घरात ते सगळं होतं. नात्यांचे शब्द जरा गमतीचे. सासऱ्याला मामंजी का म्हणायचं? तर मामाच्या घरात मुलगी द्यायची चाल, म्हणून मामा तोच सासरा. सासूला आत्याबाई म्हणायचे, तेही त्याच हिशेबानं. एका शब्दात लग्नाची अख्खी रीत बसलेली बघून मी खूश झाले आणि वहीत दोन ओळी जास्त लिहिल्या.

कादंबरीची नायिका यमू आपली गोष्ट आपणच सांगते. ही कादंबरी 1890 पासून 'करमणूक' या हरिभाऊंच्याच साप्ताहिकात क्रमशः येत होती. म्हणजे वाचणाऱ्यांना ती इतिहास म्हणून नव्हे, चालू काळ म्हणून वाचायला मिळाली. यमूचा नवरा वारल्यावर सक्तीने तिचं केशवपन होतं. 'वपन' हा शब्द मी वहीत घेतला. शब्दकोशात अर्थ मिळाला, तो लिहिला आणि पुढे निघाले.

खरं सांगायचं तर मला तो शब्द तेव्हा समजला नव्हताच. 'वपन' किती स्वच्छ संस्कृत शब्द आहे! 'सोवळी' त्याहूनही स्वच्छ. ज्या बाईला घरातल्या अंधाऱ्या खोलीत बसवून न्हाव्याकडून तिचं डोकं भादरून घ्यायचे, तिला म्हणायचं सोवळी, म्हणजे पवित्र. आणि राग आला की तिलाच म्हणायचं बोडकी. दोन्ही शब्द एकाच बाईचे. एक देवघरातला, एक चुलीपुढचा.

त्या दिवशी मी आजीला विचारलं, "सोवळी झाल्यावर नेसायचं काय गं?"

आजी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आलवण."

मी डावीकडे 'आलवण' लिहिलं आणि विचारलं, "म्हणजे काय?"

ती काही बोललीच नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "पाठ करून काय करणार आहेस तो शब्द? नाही कळला तर नाही कळला." आणि सूप घेऊन आत गेली.

आजीने कधी असं तोडून बोललेलं मला आठवत नाही. उजवीकडचा रकाना कोरा राहिला.

रात्री अंथरुणावर पडल्यावर तिनेच विषय काढला. तिच्या लहानपणी घरात एक आत्या होती, म्हणजे आजीच्या वडिलांची बहीण. नवव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी परत माहेरी. आलवण म्हणजे तिचं ते तांबडं वस्त्र. डोक्यावरून पदर घेतलेला, अंगात चोळी नाही. ते मागच्या अंगणात वेगळ्या दांडीवर वाळायचं आणि मुलांनी त्याला शिवायचं नाही असा दंडक. ठरलेल्या दिवशी न्हावी मागच्या दाराने यायचा. त्या दिवशी पोरांना पुढच्या ओटीवर पिटाळायचे. आजी म्हणाली, "ती अनारसे फार सुरेख करायची. पण सणाला पानावर वाढायला तिला पुढे येऊ द्यायचे नाहीत."

मी तेव्हा काही बोलले नाही. वहीही उघडली नाही.

पुढे कॉलेजात इतिहास घेतला, तेव्हा त्या वहीतल्या शब्दांच्या आगेमागे तारखा दिसायला लागल्या. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा 1856 चा, यमूच्या कितीतरी आधीचा. कायदा होता, पण माजघरापर्यंत पोचला नव्हता. 1889 मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. 1890 मध्येच मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींनी सभा घेतली आणि विधवांचं वपन करायचं नाही असं ठरवलं. मला हे फार मोठं वाटतं. शास्त्री आणि सुधारक पानंच्या पानं वाद घालत होते, आणि ज्यांच्या हातात वस्तरा होता ते म्हणाले, आम्ही तो उचलणार नाही. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा! एवढ्यासाठी पुण्यात रण माजलं. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. 'करमणूक' घरोघरी वाचलं जात होतं ते या वर्षांत.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. माझी यादी ही काही सगळ्या मराठी बायकांची यादी नव्हती. सक्तीचं वपन ही मुख्यतः ब्राह्मणांची आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही घरांची चाल. इतर अनेक जातींत विधवेचा 'पाट' लागायचा, तिला दुसरा संसार मांडता यायचा. तो शब्द माझ्या वहीत नव्हता, कारण आमच्या माजघरात तो नव्हता. पुरुषांसाठी मात्र आमच्याकडेही शब्दांची सोय होती. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणारा तो बिजवर, तिसऱ्यांदा चढणारा तिजवर. भाषेने त्याची लग्नं मोजली. बाईसाठी मोजणी एकावरच थांबली. वर 'सकेशा' नावाचाही एक शब्द आहे, केस ठेवलेली विधवा. डोक्यावर केस असणं ही नोंद करण्याजोगी गोष्ट होती, म्हणून तर त्याला शब्द लागला.

मराठी शब्द मरताहेत म्हणून आपण हळहळतो. मीही हळहळते. फडताळ गेलं, पडवी गेली, वाईट वाटतं. पण आलवण या शब्दाचा अर्थ कुठल्या मुलीला विचारावा लागतो, हे मला चांगलं लक्षण वाटतं. हा शब्द आपोआप अवघड झालेला नाही. कितीजणींनी सोसून आणि कितीजणांनी भांडून तो अवघड करून ठेवलाय. आणि सगळंच काही संपलेलं नाही. वपन गेलं, पण 'बोडकी' शिवी म्हणून उरली. 'रांड' या शब्दाचा मूळ अर्थ विधवा एवढाच, हे आज शिवी देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. 

म्हणून शब्द विसरावेत असं मात्र मी म्हणणार नाही. आजी म्हणाली होती, पाठ करून काय करणार? त्याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. आता वाटतं, वापरण्यासाठी नाही, पण ओळखण्यासाठी ते ठाऊक हवेत. 'सोवळी'सारखा गोड शब्द कुणी आज नव्या कशावर घातला, तर त्याच्या खाली काय झाकलंय ते बघायची सवय तरी लागते.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना ती वही सापडली. कोऱ्या रकान्यात मी अर्थ लिहिला. तांबडं वस्त्र, वेगळी दांडी, मागचं दार, अनारसे. शेवटी त्या आत्याचं नावही लिहावं असं वाटलं. तेव्हा आठवलं, मी त्या रात्री आजीला विचारलं होतं. आजी बराच वेळ आठवत राहिली आणि मग म्हणाली, "आम्ही तिला सोवळ्या आत्याच म्हणायचो गं. नाव नाही ठाऊक."