तिफण बनवणाऱ्यांचा पट्टा

मृग बरसला, वाफसा आला आणि ऐन पेरणीच्या घाईत माझी जुनी डिझेल गाडी रस्त्यात बसली. तालुक्याहून सोयाबीनच्या बॅगा घेऊन येत होतो. साठच्या स्पीडला इंजिन एकदम गप्प झालं. ना धूर, ना खडखड. सेल्फ मारला तर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका फिरला, नुसता भिरभिर. मागून आलेला टेम्पोवाला थांबला. म्हणला, "भाऊ, सेकंडला टाका, धक्का मारतो." दोघातिघांनी मिळून मारला. गाडीनं दोन हिसके दिले आणि थांबली ती थांबलीच.

संध्याकाळी मिस्त्रीनं इंजिनाच्या बाजूचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. आतून बोटभर रुंदीचा काळा रबरी पट्टा निघाला, दाते झडलेला आणि मधोमध तुटलेला. टायमिंग बेल्ट. हेड उतरवल्यावर आठापैकी सात व्हॉल्व्ह वाकलेले दिसले. मिस्त्री म्हणले, "पट्टा तुटला तेव्हाच बरंच गेलं होतं. उरलंसुरलं तुम्ही धक्का मारून घालवलं."

हेड लेथवाल्याकडे गेलं ते दहा दिवस. पेरणी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं उरकली. पण डोक्यातून एक प्रश्न जाईना. एवढ्या लोखंडाच्या इंजिनाचा जीव रबराच्या पट्ट्यावर टांगून ठेवायची अक्कल कुणाची? शोधत गेलो आणि जे सापडलं ते शेतकऱ्याला गंमत वाटावी असं आहे. म्हणून आजची नोंद पिकाची नाही, पट्ट्याची.

आधी पट्टा करतो काय ते बघू. इंजिनात खाली क्रँक फिरतो, त्यावर पिस्टन वरखाली होतात. वर कॅम फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो नि मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला पाहिजे. एका दात्याचाही फरक चालत नाही. तिफणीवर चाड्यात मूठ सोडणाऱ्या बाईचा हात बैलाच्या चालीशी जुळला नाही तर कुठं दाट, कुठं विरळ पेरा होतो. तसंच हे. फरक एवढाच की इंजिन अडीच हजारावर फिरत असलं तर क्रँकचे सेकंदाला चाळीसच्या वर फेरे होतात, आणि चाल चुकली तर पेरा विरळ होत नाही, व्हॉल्व्ह नि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

आपल्या माणसांना ही जुळणी नवीन नाही. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीच्या बव्हेरिया भागात, आउग्सबुर्गला यशस्वी झालं. आपल्याकडं किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला, आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. विहिरीवरच्या डिझेल इंजिनानं महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला फिटर बनवलं. आमच्या वडलांनी घेतलेलं इंजिन मी लहानपणी खोलताना बघितलंय. क्रँकवर एक गिअर, त्याला भिडलेला दुप्पट दात्यांचा कॅमचा गिअर, दोन्हींवर पंच मारलेली खूण. खुणेला खूण लावली की टायमिंग बसलं. लोखंडाला लोखंड भिडलेलं. तेल घालत राहा, पिढी जाईल पण गिअर जाणार नाही. बहुतेक ट्रॅक्टरमध्येही टायमिंग गिअरच असतात. त्यामुळं "टायमिंगचा भाग बदलायचा असतो" ही गोष्टच आपल्या हिशेबात बसत नाही. माझी चूक तिथं झाली.

मग गाडीतला गिअर कुठं गेला? जुन्या गाड्यांत कॅम खाली, क्रँकच्या शेजारीच असायचा. तिथं गिअर किंवा छोटी चेन पुरायची. आपली अँबॅसिडर, आपली प्रीमियर पद्मिनी, दोन्ही चेनच्या. पुढं जोरात फिरणारी इंजिनं पाहिजे झाली, तेव्हा कॅम हेडवर नेला. आता क्रँक नि कॅममध्ये हातभर अंतर पडलं. तेवढं गिअरनं भरायचं तर गिअरांची माळच लावावी लागते, ती जड, महाग, आवाज करणारी. चेन लावली तर तिला तेल पाहिजे, तेल आत राहील असं बंद कव्हर पाहिजे.

उत्तर आलं ते मोटारीच्या धंद्याबाहेरून. १९४० च्या दशकात अमेरिकेत गिल्मर कंपनीनं आतून दाते असलेला रबरी पट्टा काढला. शिवणयंत्रात वरची सुई आणि खालचं बॉबिन यांची चाल जुळवायला तो उपयोगी पडला. साधा पट्टा घसरतो, दात्यांचा घसरत नाही. हलका, मुका, आणि तेल नको.

हा पट्टा रोजच्या वापराच्या, कारखान्यात मोठ्या संख्येनं बनणाऱ्या गाडीत पहिल्यांदा घातला तो १९६२ मध्ये, ग्लास १००४ या जर्मन गाडीत. ही हान्स ग्लास कंपनी मूळची कशाची, तर पेरणी यंत्रांची! बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग गावात ते शेतीची अवजारं बनवायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५१ मध्ये स्कूटर काढली, १९५५ मध्ये गोगोमोबिल नावाची चिमुकली गाडी, आणि मग ही १००४. आता पेरणी यंत्र आठवा. जमिनीवरचं चाक फिरतं, चेन ती चाल वर नेते, आणि चाकाच्या ठरावीक फेऱ्याला ठरावीक दाणे खाली पडतात. एका फिरत्या भागाशी दुसऱ्याची चाल बांधून ठेवायची, हे त्या गावातल्या कारागिरांचं रोजचं काम. त्यावरूनच त्यांना पट्टा सुचला असं मी म्हणणार नाही. पण तिफणीच्या जातकुळीतल्या माणसांनी हे पाऊल आधी टाकलं याचं मला बरं वाटलं. कंपनी फार टिकली नाही. १९६६ मध्ये बीएमडब्ल्यूनं ती विकत घेतली, आणि आज त्याच गावात त्यांचा प्रचंड कारखाना आहे.

त्याच १९६६ साली इटलीत फियाटनं आणि अमेरिकेत पाँटिअ‍ॅकनं पट्ट्याची इंजिनं काढली, मग बाकीचे आले. पण हे सगळं पेट्रोलचं. डिझेलची गोष्ट वेगळी. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि लोकांना कमी पिणारी गाडी पाहिजे झाली. १९७६ मध्ये फोक्सवॅगननं गोल्फ गाडी डिझेलमध्ये आणली. दीड लिटरचं, पन्नास हॉर्सपॉवरचं इंजिन. ते पेट्रोल इंजिनावरूनच बेतलेलं, त्यामुळं पट्टाही आला. इथं पट्ट्याचं ओझं वाढलं. कॅम तर फिरवायचाच, वर डिझेल पंपही त्यानंच ओढायचा. आणि डिझेलला हवा दाबून तापवावी लागते. जुन्या डिझेल गाड्यांत ती वीस-बावीस पट दाबली जाते, पेट्रोलमध्ये साधारण नऊ-दहा पट. म्हणून पिस्टन वर आला की हेडशी जेमतेम मिलिमीटरभर फट उरते. काही पेट्रोल गाड्यांत पट्टा तुटला तरी व्हॉल्व्ह वाचतात, नवीन पट्टा घातला की गाडी चालू. जुन्या डिझेलमध्ये तेवढी जागाच नाही. पट्टा गेला की हेडचं काम धरूनच चालायचं.

आपल्याकडं पट्टा घरोघरी नेला १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० नं. १९९८ मध्ये टाटांची इंडिका पुण्यात तयार होऊन आली, १४०५ सीसीचं डिझेल, पट्ट्याचं. त्याच सुमारास झेन नि एस्टीममध्ये प्युजोचं १५२७ सीसीचं डिझेल आलं, तेही पट्ट्याचं. डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त, सरकार भाव धरून ठेवायचं. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे भाव मोकळे झाले, २०२० मध्ये बीएस ६ चे नियम लागले आणि मारुतीनं डिझेल गाड्याच बंद केल्या. मधल्या काळात काही इंजिनं परत चेनवर गेली. फियाटचं १.३ मल्टीजेट, जे स्विफ्टमध्ये आलं, ते चेनचं. चेनही अमर नाही, ऑइल वेळेवर बदललं नाही तर ती ढिली पडते. पण तारखेनं बदलायची नसते.

आता माझं म्हणणं. पट्टा वाईट नाही. तो बनवणाऱ्यांनी पहिल्यापासून सांगितलंय की हा झिजणारा भाग आहे, इतक्या किलोमीटरला किंवा इतक्या वर्षांनी बदला. शहरातला पहिला मालक सर्व्हिसला जायचा, तिथं पुस्तकात बघून बदलला जायचा. गाडी दुसऱ्याकडं, तिसऱ्याकडं गेली आणि गावात आली. आरसी आली, विमा आला, ते पुस्तक आलं नाही. घेताना मी टायर बघितले, एसी बघितला, अ‍ॅव्हरेज विचारलं. पट्टा कधी बदलला हे विचारलं नाही, कारण विहिरीवरच्या इंजिनानं मला तो प्रश्न शिकवलाच नव्हता. आणि वर आपली गाडी चालते किती? बाजार, दवाखाना, लग्नकार्य. किलोमीटर भरत नाहीत, पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

म्हणून जुनी डिझेल असेल तर एवढं करा. आधी तिला पट्टा आहे की चेन ते मिस्त्रीला विचारा. पट्टा असेल आणि बदलल्याची तारीख माहीत नसेल, तर तो झिजलाय असंच धरा आणि बदला. एकटा पट्टा नको, त्याचा टेन्शनर नि आयडलरची बेअरिंगही बदला. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर तोही. बेअरिंग जाम झालं तर नवा पट्टाही जातो. आजूबाजूला ऑइल गळत असेल तर सील आधी, कारण ऑइल रबराला खातं. आणि चालता चालता इंजिन बंद पडून स्टार्टर मोकळा फिरायला लागला, तर चावी काढा. परत सेल्फ नको, धक्का तर नकोच. टोचन करून न्या.

माझं बिल पट्टा, बेअरिंग आणि मजुरी मिळून झालं असतं त्याच्या आठपट झालं. गाडी आता चालू आहे. नव्या कव्हरवर मी पांढऱ्या ऑइलपेंटनं तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवलेत, बैलाच्या शिंगावर नाव घालावं तसे ठळक. उद्या गाडी विकली तर घेणाऱ्यानं विचारलं नाही तरी बॉनेट उघडल्यावर त्याला दिसेल.