बेंद्रे यांची मानवाकृती

टोंकखुर्दच्या शिवारात चैत्रातल्या दुपारी दूरवरून घागर घेऊन येणारी स्त्री पाहावी. झळांमुळे तिचे नाकडोळे दिसत नाहीत. दिसतो तो वस्त्राचा रंग आणि चालण्याचा डौल. तरीही ओळखीची असेल तर ती कोण, हे लांबूनच कळते. नारायण श्रीधर बेंद्रे यांची उत्तरकाळातील चित्रे पाहताना आम्हांला हेच दृश्य आठवते.

बेंद्रे यांचा जन्म इंदूरचा, १९१० सालचा. तेथेच दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्यापाशी त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले. हुसेन व विष्णू चिंचाळकर हेही याच परंपरेतले. वर्गाबाहेर जाऊन प्रत्यक्ष ऊन-सावली रंगवावी, ही या शाळेची शिस्त होती. आरंभी बेंद्रे यांचा लौकिक झाला तो निसर्गचित्रकार म्हणूनच.

१९४७-४८ च्या परदेश प्रवासात पाश्चात्त्य आधुनिक चित्रकला त्यांनी जवळून पाहिली. १९५० मध्ये ते बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकला शिकवू लागले. तेथे त्यांनी घनवादाचा अभ्यास केला. आकृतीचे कोन-प्रतल उलगडून पुन्हा बांधले. १९५५ च्या एका चित्राला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पुढे ते निव्वळ रंगाकारांच्या अमूर्त चित्रणापर्यंतही गेले. पण तेथे थांबले नाहीत.

१९६६ मध्ये बडोदे सोडल्यावर, विशेषतः सत्तरीच्या दशकापासून, त्यांच्या चित्रांत खेड्यातली माणसे परतली. मात्र आता ती रंगबिंदूंनी विणलेली होती. चेहऱ्याचा तपशील गळाला. देहाची ठेवण आणि प्रकाश उरला. बाह्यरेषेने बंदिस्त न करताही आकृती उभी राहते, हे त्यांनी सिद्ध केले.

‘आधुनिक चित्र कळत नाही’ ही तक्रार आपल्या घरांतून नेहमी ऐकू येते. बेंद्रे यांच्या वाटचालीत तिचे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते. त्यांनी माणूस टाकला नाही. त्याला ओळखण्यास आवश्यक तेवढेच ठेवले. त्यासाठी अमूर्ताचा वळसा त्यांना घ्यावाच लागला.

१९९२ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. कलेतिहासात त्यांचे नाव प्रामुख्याने बडोद्याशी जोडले जाते, आणि ते रास्तच आहे. परंतु प्रकाशात आकृती विरघळते आणि तरीही हरवत नाही, हा पहिला पाठ त्यांना माळव्याच्या उन्हानेच दिला असावा. पिढ्यान्‌पिढ्या त्याच उन्हात राहणाऱ्या आपण मराठी कुटुंबांनी तरी हे विसरू नये.