जीपचं बॉनेट उंच का झालं?

आपल्याकडे चोपडा-यावलकडून काळी-पिवळीने आलेला माणूस, गाडी कमांडर असो की ट्रॅक्स, 'जीपने आलो' असंच सांगतो. बोलण्यात ते चालतं. पण तुमच्या प्रबंधात 'जीप काळानुसार बदलत गेली' असं वाक्य आलं, तर गाईड दोनच प्रश्न विचारतील: कोणती जीप, आणि कशामुळे?

एकाच बदलाकडे नीट बघा. १९४१ च्या लष्करी विलीज एमबीचं इंजिन २१९९ सीसीचं, ताकद ६० हॉर्सपॉवर. दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच. युद्ध संपताना, १९४५ ला, तिचीच नागरी आवृत्ती सीजे-२ए बाजारात आली. पुढे १९५३ च्या सीजे-३बीमध्ये कंपनीने सीसी तेवढेच ठेवले, फक्त इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला. हवा-पेट्रोलचं मिश्रण मोकळेपणाने आत जाऊ लागलं आणि ताकद ७० च्या पुढे गेली. पण इंजिनची उंची वाढली, ते जुन्या बॉनेटखाली मावेना. मग बॉनेटच वर उचललं! म्हणजे ज्याला आपण 'डिझाईन' म्हणतो, ती खरं तर एका व्हॉल्व्हची करामत. (दिसायला ती जीप जरा नाकाडच, पण मला आवडते.)

अमेरिकेत सीजे-३बी १९६८ ला थांबली, साधारण १ लाख ५५ हजार गाड्यांवर. महिंद्राने १९४७ ला विलीजच्या ७५ गाड्या सुट्या भागांत मागवल्या होत्या. मुंबईत जोडणी सुरू झाली आणि पुढे सीजे-३बीचा साचा अमेरिकेनंतरही इथे चालत राहिला. पेट्रोल इंजिन जाऊन डिझेल आलं, तरी ते उंच नाक राहिलं. नुसत्या फोटोंवरून कालक्रम लावणारा इथे हमखास फसतो: बाहेरून १९५३, आत भलतंच काही.

आकाराचा इतिहास पुढे कोर्टकचेरीपर्यंत गेला. २०१८ ला महिंद्राने अमेरिकेत रॉक्सर आणली, तेव्हा ती जीपसारखी दिसते अशी तक्रार फियाट क्रायस्लरने केली. जून २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ती मान्य केली. मग रूप बदललेली रॉक्सर त्याच डिसेंबरात मोकळी झाली.

धुळ्या-जळगावच्या एखाद्या गॅरेजात जुनी जीप दिसली, तर मालकाला विचारून बॉनेट उघडा. इंजिन कोणतं ते बघा, आणि त्याच्या वर किती जागा उरलीय तीही टेपने मोजा.