दाढेच्या डोक्यावरची पोकळी

आज लढाई नाही, दाढ. हसू नका, फौजेत दात हा गंभीर मामला आहे. आपल्या सैन्याचं दंतदळ, आर्मी डेंटल कोअर, ऐन महायुद्धात, 4 फेब्रुवारी 1941 रोजी उभं राहिलं.

वरच्या मागच्या दाढांच्या मुळांवर, गालाच्या आतल्या हाडात एक पोकळी असते. तेच सायनस. मधलं हाड काही ठिकाणी कागदासारखं पातळ, काही ठिकाणी तर नुसता पापुद्रा. लिओनार्दो दा विंचीनं 1489 मध्ये कवटी कापून ती रेखाटली, पण चित्रं वह्यांतच राहिली. नाव लागलं नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याचं. त्याचा ग्रंथ 1651 चा. शिवाजी महाराज तेव्हा एकवीस वर्षांचे होते.

त्यात एका बाईची हकिगत आहे. वरचा सुळा काढल्यावर त्या भोकातून स्राव थांबेना. तिनं चांदीची सळई घातली, ती डोळ्यापर्यंत गेल्यासारखी वाटली. मग पिसाची काडी घातली, तर ती जवळजवळ सगळीच आत! मेंदूत गेली म्हणून बाई घाबरली. हायमोरनं समजावलं, काडी पोकळीतच वळली आहे. मला विचाराल तर शोध त्या बाईचाच.

मुळाचं टोक कापण्याची शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रेस्लाऊच्या कार्ल पार्चनं रूढ केली. पुढच्या दातांवर ती सोपी. दाढेला मात्र तीन मुळं, आणि टाळूकडचं सर्वांत अडचणीचं.

हे सगळं आठवायचं कारण माझीच वरची दाढ. रूट कॅनल होऊनही टोकाशी पू आहे. इथं बोम्मसंद्रात तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या: दाढ काढा, नाहीतर हिरडी उचलून, हाडाला खिडकी पाडून, मुळाची सुमारे 3 मिलिमीटर टोकं कापून मागून बुजवू. पापुद्रा थोडा फाटला तर बहुधा भरून येतो. कापलेला तुकडा सायनसमध्ये पडला तर खरी आफत. म्हणून आधी त्रिमितीय स्कॅन. नंतर काही दिवस नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडं ठेवून द्यायची, विमान टाळायचं. उंचावर सायनसचा दाब वरच्या दाढांत कसा ठणकतो, हे लेहला उतरलेल्या पुष्कळांना माहीत असेल!

सौ. म्हणतात, काढून टाका एकदाची. पण त्या दाढेवर माझा पूल बसलेला आहे. ती गेली की शेजारचीही व्यवस्था मोडते. गुरुवारी स्कॅन आहे. टाळूकडचं मूळ निरोगी निघालं, तर दाढ राखायची असं मी बाईंना सांगून आलो आहे.