अमेरिकेतील प्राप्तिकर आणि विनाचिठ्ठीची संततिनियमन-साधने

संततिनियमनाच्या साधनांवरील खर्च हा वैद्यकीय खर्च मानावा काय, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसांचा वाटतो. वस्तुतः शासन संततिनियमनास आरोग्याचा भाग मानते की खाजगी आवडीचा, याचा निर्णय त्यात दडलेला असतो. अमेरिकेतील कायद्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

१८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने ही साधने टपालाने पाठविणे हा गुन्हा ठरविला होता. ती तरतूद १९७१ मध्ये रद्द झाली. दरम्यान, १९४२ च्या महसूल कायद्याने वैद्यकीय खर्चाची वजावट मान्य केली होती. रोगाचे निदान, उपचार व प्रतिबंध यांबरोबरच शरीराच्या रचनेवर अथवा कार्यावर परिणाम घडविण्यासाठी केलेला खर्चही तीत समाविष्ट होता. गर्भधारणा हा रोग नव्हे. तथापि ती रोखणे म्हणजे शरीराच्या कार्यावर परिणाम घडविणेच होय. १९७३ मध्ये महसूल खात्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीने घेतलेल्या गोळ्यांचा व पुरुष-नसबंदीचा खर्च वजावटीस पात्र ठरविला.

१९८२ च्या कायद्याने मात्र ही वाट अरुंद केली. १९८४ पासून, इन्शुलिन वगळता, ज्या औषधास चिठ्ठी अनिवार्य असेल त्याचीच वजावट मिळू लागली. औषधेतर वस्तूंना हे बंधन नव्हते. २००३ च्या एका निर्णयानुसार कुबड्या व बँडेज पात्र, तर अ‍ॅस्पिरिन अपात्र ठरले.

जुलै २०२३ मध्ये ‘ओपिल’ या गोळीस विनाचिठ्ठी विक्रीची परवानगी मिळाली, तेव्हा या भेदाचे विपरीत फळ दिसून आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये महसूल खात्याने कंडोमचा खर्च वैद्यकीय खर्च म्हणून मान्य केला. गोळी मात्र औषध असल्यामुळे वजावटीबाहेर राहिली. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली तरी उपयोग नाही. कारण चिठ्ठी आहे की नाही हे न पाहता, ती आवश्यक आहे की नाही एवढेच कायदा पाहतो.

२०२० च्या दुरुस्तीमुळे करमुक्त आरोग्य-बचत खात्यांतून अशा गोळीचा खर्च भागविता येतो. परंतु ही खाती विशिष्ट विमा अथवा मालकाची योजना असणाऱ्यांनाच लाभतात. डॉक्टरापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या स्त्रीची सोय व्हावी म्हणून चिठ्ठीची अट गेली. आणि अट गेली म्हणूनच वजावटीचा हक्कही गेला.