पाऊण युनिटाची मजुरी

दोन धडधाकट माणसं दिवसभर मोठी करवत ओढत राहिली, तरी त्यांच्या अंगातून निघालेलं काम विजेच्या एका युनिटाएवढंही भरत नाही. मी ताडकळसच्या सुताराच्या घरातला, आणि पुढं आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळं हा हिशेब मला मांडता येतो आणि त्यामागचा घामही ठाऊक आहे.

ताडकळस पूर्णा तालुक्यात, गोदावरीच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात. निजामाच्या राजवटीत इथली घरं माळवदाची. वरच्या मातीचं ओझं पेलायचं तर खांब, तुळया, कड्या भक्कम हव्यात. ऐपत असलेल्यांच्या वाड्याला साग लागे. किनवट-माहूरचं सागाचं जंगल त्यातल्या त्यात जवळ. बाकीच्यांचं भागे बांधावरच्या बाभळीवर आणि लिंबावर. बैलगाडीचा तुंबा नि आरे तर बाभळीचेच. आमच्या घरी औत-तिफणीची दुरुस्ती बलुत्यात होई. घराचं लाकूड चिरणं मात्र रोखीनं, फुटावर.

ओंडका तिरपा टेकवायचा, गेरूत भिजवलेल्या दोरीनं सूत मारायचं. एक जण ओंडक्यावर उभा, दुसरा खाली. खालच्यानं ओढली की दात कापत; वरचा करवत परत वर खेचे आणि सुतावर ठेवी. काप मिटून पातं अडकू नये म्हणून पाचर ठोकायची, पात्याला तेलाचा बोळा फिरवायचा. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाई, म्हणून तो मुंडासं कपाळावर ओढून घेई. वरच्याची जागा मानाची, कारण काप वाकडा गेला तर बोल त्याला.

आता जोराचा अंदाज करू. खालच्याची ओढ साधारण वीस किलो वजन उचलण्याएवढी धरा आणि करवतीची चाल दोन फूट. म्हणजे एका ओढीला 120 ज्यूल. वरच्याला करवत उचलायला त्याच्या निम्मं, 60. मिनिटाला 40 ओढी धरल्या तर दोघांची मिळून शक्ती 120 वॅट. बिडी, पाणी, भाकरी वजा जाता खरं काम सहा तास धरलं, तर दिवसाचं होतं 0.72 युनिट.

जेम्स वॉटनं अठराव्या शतकात घोड्याची शक्ती मिनिटाला 33,000 फूट-पौंड ठरवली. ती 746 वॅट होते. माणसाला दिवसभर टिकवता येते ती घोड्याच्या शक्तीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी. खालच्यावर 80 वॅटचा भार येई, वरच्यावर 40 चा. म्हणूनच जोडीतली माणसं पाळीपाळीनं जागा बदलत. त्यांनी वॉटचं नाव ऐकलेलं नव्हतं. दम कधी संपतो हे छातीला कळत होतं.

अंगातली शक्ती वाढवता येत नाही, म्हणून सगळं कसब लागे ती वाचवण्यात. एक फूट रुंद सागात एका ओढीला काप दोन-तीन मिलिमीटर पुढं सरके. दात कानशीनं धारदार केलेले हवेत, आणि एक डावीकडं तर पुढचा उजवीकडं किंचित झुकवलेला हवा. झुकाव कमी पडला तर पातं घासतं. जास्त झाला तर काप रुंदावतो: तीनचा चार मिलिमीटर झाला की त्याच फळीला भुसा तिसऱ्या हिश्शानं वाढतो, आणि जोरही जवळपास तेवढाच. बाभळीचा घनफूट साधारण 22 किलो भरतो, सागाचा 18. बाभूळ ओली असतानाच चिरून घेत, कारण वाळली की ती करवतीला दाद देत नाही. साग मऊ, पण त्यात सिलिका असते, ती दात लवकर बोथट करते. म्हणून अर्धी दुपार कानस चालवणारा आमच्या घरात कामचुकार ठरत नसे.

यंत्राची करवत आमच्या या जोड्यांच्या काळाच्या कितीतरी आधीची. इंग्लंडमध्ये गोल करवतीचं पेटंट सॅम्युअल मिलरनं 1777 मध्ये घेतलं, पट्टा करवतीचं विल्यम न्यूबेरीनं 1808 मध्ये. पण गोल पातं फिरवायला आधी शक्ती हवी. ती आमच्या भागात आली तेलाच्या इंजिनानं आणि मग विजेनं. दहा हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण भारावर चालली, तर आमच्या साठ जोड्यांची शक्ती एकटी देते आणि एक युनिट आठ मिनिटांत संपवते. या हिशेबापुढं कुठलीच मजुरी टिकणं शक्य नव्हतं. जोड्या मोडल्या. कोणी गिरणीवर हमाल झाला, कोणी शेतात गेला.

शक्ती स्वस्त झाली तशी झाडं महाग झाली. विनापरवाना आरागिरण्या एवढ्या माजल्या, की 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्रातल्या अशा गिरण्या तातडीनं बंद करण्याचा आदेश द्यावा लागला.

मला जुन्या कष्टांचं कौतुक नाही. खालच्या जागेवरचा खोकला मी घरात ऐकला आहे. ते काम यंत्राकडं गेलं हे बरंच झालं. काटकसर मात्र त्याबरोबर जायला नको होती. पाच मिलिमीटर काप घेणाऱ्या गोल पात्यावर पाच काप पडले, की एका इंची फळीएवढं लाकूड भुशात जातं. पुढच्या वेळी गिरणीवर लाकूड न्याल तेव्हा दराबरोबर हेही विचारा: पात्याचा काप किती मिलिमीटर, आणि दातांना शेवटची धार कधी लावली?